कागद आधी, रंग शेवटी
जुन्या फौजी गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत जीप आणि जोंगा (जबलपूरच्या कारखान्यात बनलेली फौजी गाडी) यांचंच राज्य आहे. नागपूरच्या आसपास ते साहजिक म्हणायचं. जबलपूर पावणेतीनशे किलोमीटरवर, कामठीची छावणी उशाशी, आणि काटोल-सावनेरच्या बागांमधून कधीकाळी घेतलेल्या जीपा अजून गोठ्याच्या कडेला उभ्या.

*काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत सासऱ्यांनी घेतलेली जीप बरीच वर्षं उभी आहे. घरात सगळे तिला ‘महायुद्धातली विलीज’ म्हणतात. एका व्यापाऱ्याने चांगली किंमत सांगितली आहे. ती खरंच महायुद्धातली आहे की महिंद्राची, हे घरच्या घरी कसं ओळखावं?*
— एक वाचक, काटोल

व्यापाऱ्याला पंधरा दिवस थांबवा आणि तोवर गाडी धुऊसुद्धा नका. आधी समोर उभ्या राहा. बॉनेट उंच असेल, हेडलाईटच्या वर बराच पत्रा दिसत असेल, तर ती सीजे-३बी, म्हणजे महिंद्राने परवान्यावर आपल्याकडे बनवलेली. बॉनेट बसकं असेल तर जाळीतल्या उभ्या फटी मोजा. युद्धकाळातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूच्या दाबपत्र्याच्या जाळीला ९ फटी असतात आणि हेडलाईट लहान, जाळीच्या आत बसवलेले असतात. एक फिरकीची चाकी सैल केली की तो दिवा उलटा वळून इंजिनावर उजेड पाडतो. रात्रीच्या दुरुस्तीसाठी केलेली ही सोय नागरी जीपला नाही. ७ फटी आणि मोठे, बाहेर आलेले दिवे म्हणजे युद्धानंतरची नागरी सीजे. मागे उघडणारं फळकं असेल तरी नागरीच. फौजी जीपला मागे फळकं नव्हतं, तिथे स्टेपनी आणि पेट्रोलचा डबा असायचा.

पण ऐंशी वर्षांत आपल्याकडे जीपची बॉडी अनेकदा बदलली जाते, म्हणून खरा निकाल चेसीसवर लागतो. रेडिएटरच्या खाली वाकून पुढची आडवी दांडी बघा. गोल नळी असेल तर विलीज, चौकोनी पन्हाळीसारखी असेल तर फोर्ड. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी ‘एफ’ उठवलेला आहे. तो दोन-चार ठिकाणी सापडला म्हणून पूर्ण गाडी फोर्डची ठरत नाही, पण शंभर ठिकाणी सापडला तर ठरते. चेसीस नंबर फोर्डवर डाव्या रुळाच्या, म्हणजे चेसीसच्या लांब तुळईच्या, वरच्या अंगाला, पुढच्या शॉकअॅब्जॉर्बरच्या आसपास ठोकलेला असतो. विलीजवर तो डाव्या रुळाच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरमागे, छोट्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी बहुतेक वेळा गळून गेलेली असते. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या उजव्या अंगाला, ऑइल फिल्टरच्या मागच्या उंचवट्यावर.

हे नंबर शोधताना ग्राइंडर लावायचा नाही. रंग उतरवायची जेल, नायलॉनचा ब्रश, मग खडू घासून बाजूने टॉर्च मारा. अंक वर येतात. पुसट झालेला अंक ‘नीट’ करून देतो असं म्हणणाऱ्या मिस्त्र्याला तिथूनच परत पाठवा, कारण नंबर पुन्हा ठोकणं हा गुन्हा आहे आणि त्यानंतर गाडीला ना कागद मिळतात ना किंमत. डॅशबोर्डवरच्या पितळी-जस्ती पाट्यांवर मुळीच विसंबू नका. त्या नव्या बनवून मिळतात.

आणि सीजे-३बी निघाली तर हिरमुसू नका. आपल्या सैन्याने वर्षानुवर्षं वापरलेली जीप तीच. तिचे भाग विदर्भात अजून मिळतात, एमबीचे मिळत नाहीत.

*माझ्याकडच्या एमबीचं इंजिन जाम आहे. मिस्त्री म्हणतो, ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढू, सुटेल. ओढावं का?*
— एक वाचक, वाडी

नाही. या इंजिनात वॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की पिस्टनच्या आधी वॉल्व्ह आपापल्या गाइडमध्ये चिकटतात. ओढल्यावर क्रँक फिरेल, कॅम टॅपेट वर ढकलेल, वॉल्व्ह वर जाईल आणि वरच राहील, कंप्रेशन संपलं. पिस्टनची रिंग गंजून चिकटली असेल तर ओढण्याने ती तुटते आणि सिलिंडरवर चरा पडतो.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून ३० ते ४० मिली मिश्रण सोडा: अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, निम्मं-निम्मं. अॅसिटोन उडतं, त्यामुळे दोन दिवसांनी पुन्हा भरा. आठवडाभर असं करा, आणि जवळ विडी-सिगारेट, वेल्डिंग काही नको. दरम्यान ब्लॉकच्या डाव्या अंगाचं वॉल्व्हचं झाकण उघडून स्प्रिंगा बघा. जी स्प्रिंग दबलेलीच आणि वॉल्व्ह वर, तो चिकटलेला. त्याच्या दांड्यावर तेच मिश्रण सोडून वरून लाकडी ठोकळ्याने हलकेच थोपटा. त्यासाठी हेड उतरवावं लागेल आणि ते उतरवणंच शहाणपणाचं, कारण सिलिंडरची भिंत डोळ्यांनी दिसते. मग हँडलने पुढे-मागे, दोन-दोन अंश. पुढे जात नसेल तर मागे आणा, तेल सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. हँडलला पाइप जोडून जोर करू नका.

इंजिन फिरू लागलं की लगेच सेल्फ मारायची घाई होते आणि बेअरिंग तिथे जातात. तेलाचं पात्र उतरवा; तळाशी काळा गाळ दोन बोटं सापडतो. गाळणी रॉकेलमध्ये धुवा. भरायला ३.८ लिटर, फिल्टरही रिकामा असेल तर ४.७ लिटर, २०डब्ल्यू-४० चालतं. कोरडा पडलेला पंप तेल ओढत नाही, म्हणून त्यात आधी तेल भरावं लागतं. इथे एक खोच आहे. ऑइल पंप बाहेरच्या बाजूला बसतो आणि त्याच्याच गिअरच्या खाचेत डिस्ट्रिब्युटरची जीभ अडकते. खूण न करता पंप उपसला तर इग्निशनचं टायमिंग जातं, आणि मग ‘सगळं बरोबर आहे तरी गाडी का घेत नाही’ यात महिना जातो. पहिला सिलिंडर कंप्रेशनच्या टोकावर आणा, रोटरची दिशा डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर कोरून ठेवा, मगच पंपाला हात लावा. नंतर प्लग न लावता सेल्फ मारत राहा; तेलाच्या काट्याने दाब दाखवला की प्लग.

नेमके आकडे असे: फायरिंग १-३-४-२, पॉइंटची फट ०.५ मिमी, प्लगची ०.७५ मिमी, टायमिंग वरच्या टोकाच्या ५ अंश आधी. हेडचे नट तीन टप्प्यांत आवळा, मधून बाहेर, शेवटचा टप्पा ६५ फूट-पौंडांवर. गाडी गरम होऊन थंड झाली की पुन्हा एकदा. चारही सिलिंडरच्या कंप्रेशनमध्ये १० पौंडांहून जास्त फरक नको.

*जबलपूरकडच्या लिलावातली जोंगा नागपुरात विकायला आहे. कागद म्हणून विकणारा एक चिठ्ठी दाखवतो. घ्यावी का?*
— एक वाचक, जरीपटका

चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यावर सगळं आहे. सैन्याच्या गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली सैन्याकडेच असते. ती सेवेतून बाहेर पडली की कलम ३९ आणि ४० लागू होतात, म्हणजे तुम्हाला इतर कोणत्याही गाडीसारखी आपल्या आरटीओत नोंदणी करावी लागते. शहर एमएच-३१, ग्रामीण एमएच-४०, पूर्व नागपूर एमएच-४९. तुमचा पत्ता ज्यात येतो तिथे. त्यासाठी लिलावाचं विक्रीपत्र हवं, त्यावर चेसीस आणि इंजिन नंबर हवेत आणि ते गाडीवरच्या नंबरांशी अंकाअंकाने जुळायला हवेत. मधले खरेदीदार असतील तर प्रत्येकाचा विक्रीचा कागद. लिलावाच्या अटींत ‘भंगार म्हणून’ विक्री असं असेल तर ती गाडी रस्त्यावर आणता येईल हे गृहीत धरू नका. अशी गाडी फक्त सुट्या भागांच्या भावाने घ्या.

जुन्या फौजी नंबरचा उपयोग वय काढायला होतो. वर टोक केलेला बाण, त्यानंतरचे दोन अंक म्हणजे खरेदीचं वर्ष. जोंगा जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून बनली. मूळ नमुना निसानच्या ‘पॅट्रोल’ नावाच्या गाडीचा; इंजिन सहा सिलिंडर, ३९५६ सीसी. बऱ्याच जणांनी ते इंजिन काढून डिझेल बसवलं आहे. दैनंदिन खर्चाच्या दृष्टीने ते पटण्यासारखं आहे, संग्रहाच्या दृष्टीने नाही. कारण २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली, चेसीस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली दुचाकी किंवा खासगी चारचाकीच बसते. नव्या व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचं ५,०००; मुदत १० वर्षं; नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. मात्र अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणायची. रोज बर्डीला भाजी आणायला नेता येणार नाही. जिला फिरवायचंच आहे तिची साधी नोंदणी जपा.

*शक्तिमान ट्रकसाठीही हीच व्हिंटेज नोंदणी चालेल का?*
— एक वाचक, कळमना

नाही. ती योजना दुचाकी आणि प्रवासी चारचाकीपुरती आहे, मालवाहू गाड्यांना नाही.

*जीपला फौजी हिरवा रंग आणि पांढरा तारा द्यायचा आहे. कोणती शेड घ्यावी?*
— एक वाचक, धरमपेठ

कोणतीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. ‘अमेरिकन शेड थोडी वेगळी आहे’ हा युक्तिवाद चौकातल्या पोलिसापुढे टिकत नाही. नंबरप्लेटवरचा बाण, तुकडीची चिन्हं, ‘आर्मी’ ही अक्षरं, तेही नको. इतिहासाला धरूनच दुसरे रंग उपलब्ध आहेत: उत्तर आफ्रिकेत चौथी भारतीय डिव्हिजन ज्या आघाडीवर लढली तिथल्या गाड्यांचा वाळूचा रंग, अमेरिकन नौदलाच्या जीपचा राखाडी. बदललेला रंग आरसीवर चढवून घ्या.

रंगापेक्षा खालचं काम महत्त्वाचं. एमबीच्या फरशीखाली टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या आत लाकूड ठोकलेलं असतं. ते लाकूड पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि फरशी खालून कुजते. वरून पुट्टी भरून रंग दिला की दोन पावसाळ्यांत फोड येतात, दोष मात्र रंगाऱ्याला लागतो. पट्ट्या उघडा, लाकूड बदला, नव्या लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल पाजा, आतून इपॉक्सी प्रायमर मारा. नुसतं रेड ऑक्साइड ओल आत जाऊ देतं. त्यावर कितीही महाग रंग द्या, उपयोग नाही. हे काम दिवाळी ते होळी या काळात करावं. श्रावणात उघड्या शेडमध्ये मारलेला प्रायमर ओल घेऊन पांढरा पडतो.

मूळ रंगाचा एखादा वीतभर तुकडा, निदान डॅशबोर्डच्या मागचा, तसाच राखा. पुढच्या मालकाला खरी शेड त्यावरूनच कळणार आहे. आमच्या मते धावपट्टीवरच्या विमानासारखी चकाकणारी जीप ही पुनर्बांधणी नव्हेच; या गाड्या कारखान्यातून निघतानाच मळकट, बिनचमकीच्या होत्या.

*मे महिन्यात जीप वीस मिनिटं चालते आणि सिग्नलला बंद पडते. अर्धा तास थांबलं की सुरू होते. पंप बदलला, कॉइल बदलली. आता काय?*
— एक वाचक, मानेवाडा

लक्षण पेट्रोलची वाफ अडकल्याचं दिसतं, पण आधी कॉइलवरचा संशय दूर करून घ्या: बंद पडल्याक्षणी प्लगची ठिणगी बघा. ठिणगी निळी असेल तर कारण पेट्रोल.

एमबी आणि सीजेच्या इंजिनात यांत्रिक पेट्रोल पंप आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन्ही डाव्या अंगालाच आहेत. बाहेर ४५ अंश असताना बॉनेटखाली काय होत असेल याचा अंदाज करा. पंप ओढतो, म्हणजे नळीत दाब कमी होतो, आणि कमी दाबाखाली पेट्रोल आणखी लवकर उकळतं. चालत्या गाडीत पंख्याचा वारा आणि इंधनाचा ओघ ते झाकतात. सिग्नलला दोन्ही मंदावतात. व्हरायटी चौकातल्या लांब सिग्नलला बंद पडणाऱ्या जीपा बहुधा याच कारणाने बंद पडतात.

उपाय क्रमाने करा, एकदम सगळे नको. मॅनिफोल्डमध्ये उष्णता वळवणारी एक झडप असते, द्विधातूच्या स्प्रिंगवर चालणारी. ती ‘गरम’ बाजूला गंजून अडकली असेल तर ती कार्बोरेटरचा तळच भाजते. अनेक गाड्यांत हा एकच दोष निघतो आणि तो रॉकेल आणि ग्राफाइटने मोफत सुटतो. मग टायमिंग तपासा, मागे पडलेलं टायमिंग एक्झॉस्ट तापवतं. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून निदान तीन बोटं दूर वळवा आणि मध्ये पत्र्याचा आडोसा लावा. कार्बोरेटरखाली ६ ते ८ मिमी जाडीची बेकलाइटची चकती घाला. तिला लांब स्टड लागतात, आणि बॉनेट बंद होतंय ना हे आधी मोजा. एवढ्यावर भागलं नाही तरच टाकीजवळ लहान इलेक्ट्रिक पंप. तो ओढण्याऐवजी ढकलतो म्हणून वाफ धरत नाही. पण जुन्या कार्बोरेटरची सुई ३ पौंडांच्या वरचा दाब सोसत नाही, पेट्रोल सांडतं. रेग्युलेटर आणि उलटल्यास बंद होणारा स्विच हवाच.

यात आता ई२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, भर पडली आहे. पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५. जुन्याच जेटवर मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं आणि चढावर खोकतं. जेटचं क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं तर व्यास जेमतेम ४ टक्के वाढतो: १.४० मिमीचा जेट असेल तर १.४५. ड्रिल बिट घालून जेट मोठा करू नका, भोक वाकडं होतं. मापाचा जेट घ्या किंवा मापाच्या रीमरने लेथवाल्याकडून करून घ्या. इथेनॉल पंपाचा जुना रबरी पडदा फुगवतं आणि फाडतं, आणि फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल थेट इंजिनाच्या तेलात उतरतं. तेलाची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका. पडदा फ्लुओरो-इलॅस्टोमरचा, नळी इथेनॉलला चालणारी घ्या. महिनाभर उभी ठेवायची असेल तर पेट्रोलची चावी बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा, नाहीतर इथेनॉलने ओढलेलं पाणी तळाशी बसून आत पांढरी भुकटी धरते.

*टाकीत आतून गंज आहे. कोणी म्हणतं अॅसिड टाका, कोणी म्हणतं खडी भरून हलवा.*
— एक वाचक, हिंगणा रोड

खडीने कोपऱ्यातला गंज निघत नाही. मिठाचं अॅसिड चांगला पत्राही खातं आणि सांध्यात उरतं. लिंबूसत्त्व घ्या, इतवारीतल्या घाऊक दुकानांत किलोने मिळतं. एमबीची टाकी ५७ लिटरची. काठोकाठ गरम पाणी आणि ३ किलो लिंबूसत्त्व, २४ तास. आधी धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने आतला तेलकट थर काढला नसेल तर लिंबूसत्त्व गंजापर्यंत पोचतच नाही. रिकामी केल्यावर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून खळबळून घ्या, ब्लोअरने लगेच वाळवा आणि लगेच अर्धा लिटर पेट्रोलमध्ये थोडं टू-टी तेल घालून आत फिरवा. ‘लगेच’ दोनदा लिहिलं आहे, कारण उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. छिद्र निघालं तर टाकी वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. डाग देण्याचं काम रेडिएटरवाल्याकडे, टाकी पाण्याने भरून.

कड्या, ब्रॅकेट यांच्यासाठी विजेने गंज काढता येतो: प्लास्टिकच्या टपात १० लिटर पाण्याला ४० ग्रॅम धुण्याचा सोडा, वस्तू चार्जरच्या ऋण टोकाला, टाकाऊ लोखंडाची पट्टी धन टोकाला. पट्टी स्टेनलेसची नको, विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट यात घालू नका, हायड्रोजन शोषून ठिसूळ होतात.

*पंक्चरवाल्याने चाकाचे आठ नट सोडायला घेतले तेवढ्यात शेजाऱ्यांनी थांबवलं. काय चुकत होतं?*
— एक वाचक, कामठी

शेजाऱ्यांना चहा पाजा. एमबीची फौजी चाकं दोन फाळक्यांची असतात आणि ते आठ नट फाळके धरून ठेवतात. टायरमध्ये हवा असताना ते सोडले तर वरचा फाळका तोफगोळ्यासारखा उडतो. चाक उतरवायचे नट मधले पाच. आधी वॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडा, मगच आठांना हात लावा, आणि त्या आठांना लाल रंग देऊन ठेवा. दुसरी खोच: डाव्या बाजूच्या चाकांचे पाच नट उलट्या आट्याचे असतात, स्टडवर ‘एल’ लिहिलेला दिसेल. नेहमीच्या दिशेने पान्यावर उभं राहिलं की स्टड तुटतो.

*गिअरबॉक्स आणि हाउसिंगमध्ये एकच तेल चालेल का?*
— एक वाचक, सावनेर

हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनसाठी जीएल-५, ९० नंबर. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसमध्ये जीएल-४, कारण जीएल-५ मधलं गंधक आतल्या पितळी-काशाच्या भागांना खातं. ट्रान्स्फर केसमधून तेल गळतच असेल तर सील बदलण्याआधी मधला शाफ्ट बघा. एमबीचा तो पाऊण इंची आहे, झिजतो आणि डळमळतो. नवं सील महिनाभरात पुन्हा गळेल.

*प्रजासत्ताक दिनाच्या प्रदर्शनासाठी जीपवर १९६५ च्या अब्दुल हमीद यांच्या गाडीसारखी रिकॉइललेस तोफ दाखवायची आहे. कुठे मिळेल?*
— एक वाचक, सदर

खरी, अगदी निकामी केलेलीसुद्धा, शोधू नका. तो शस्त्र कायद्याचा विषय आहे. प्रतिकृती करा. ती १०६ मिमीची एम-४० तोफ. नळीचा खरा व्यास १०५ मिमी, आधीच्या फसलेल्या १०५ च्या तोफेशी गल्लत नको म्हणून नाव १०६. लांबी ३.४ मीटर, म्हणजे जवळजवळ जीपएवढीच. वजन सुमारे २१० किलो. तुम्ही ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, मागच्या टोकाला पत्र्याची नसराळी आणि सागाचा तिपाई ठोकळा वापरलात तर सगळं मिळून २५ किलोंत बसतं. बॉडीला भोकं पाडू नका. पट्ट्याने चेसीसला आवळा. आणि प्रतिकृती प्रदर्शनाच्या जागी पोचल्यावरच चढवा, रस्त्याने नेताना ती टेम्पोत, ताडपत्रीखाली.